संवेदनशील इतिहास आणि शालेय अध्यापन : चेन्नईच्या अनुभवाचा आढावा

शालेय इतिहासातील एखादा विषय संवेदनशील आहे की नाही, हे तो किती जुना आहे यावरून ठरत नाही. मदुराईजवळच्या कीळडी येथे सापडलेल्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या कालनिश्चितीवरून केंद्र सरकार आणि तमिळनाडू सरकार आजही एकमेकांसमोर उभे आहेत, तर गेल्या शतकातील कितीतरी मोठ्या घडामोडी वर्गात कोणाचाही स्वर न चढता शिकवल्या जातात. ब्रिटनमधील हिस्टॉरिकल असोसिएशन या इतिहासाचे अध्यापक व अभ्यासक यांच्या संस्थेने २००७ मध्ये भावनिक आणि वादग्रस्त इतिहासाच्या अध्यापनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. भूतकाळात एका समूहाने दुसऱ्यावर केलेला, किंवा केलेला मानला जाणारा, अन्याय जेथे शिकवावा लागतो आणि घरात सांगितला जाणारा इतिहास व शाळेतला इतिहास जेथे जुळत नाहीत, तो विषय संवेदनशील होतो, असा या अहवालातील व्याख्येचा गाभा आहे. या व्याख्येचा दुसरा भाग विशेष उपयोगाचा आहे, कारण त्यामुळे संवेदनशीलता हा घटनेचा अंगभूत गुण न राहता पुस्तक, वर्ग आणि घर या तिघांमधील संबंधाचा प्रश्न ठरतो.

हा संबंध तपासण्यासाठी भारतात चेन्नईइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. येथे राज्य मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या म्हणजे सीबीएसईच्या शाळा एकाच रस्त्यावर असतात. पहिल्या प्रकारातील मूल राज्य सरकारने तयार केलेले पुस्तक वाचते आणि दुसऱ्या प्रकारातील मूल दिल्लीच्या एनसीईआरटीचे. राज्याच्या राजकारणाची जडणघडण इतिहासाच्या एका विशिष्ट वाचनातून झाली असल्यामुळे पाठ्यपुस्तकातील एका वाक्यावर विधानसभेत, उच्च न्यायालयात आणि रस्त्यावरही प्रतिक्रिया उमटते. गेल्या दीड दशकातील तीन प्रकरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

पहिले प्रकरण २०११ चे आहे आणि ते सर्वांत कमी गुंतागुंतीचे आहे. राज्यात तोपर्यंत राज्य मंडळ, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन आणि ओरिएंटल अशा चार प्रकारच्या शाळांचे अभ्यासक्रम वेगवेगळे होते. ते एक करण्यासाठी द्रमुक सरकारने २०१० मध्ये कायदा केला आणि ‘समच्चीर कल्वी’, म्हणजे समान दर्जाचे शिक्षण, या नावाने पहिली व सहावीपासून अंमलबजावणी सुरू केली. २०११ च्या मे महिन्यात सत्तांतर होऊन जयललिता मुख्यमंत्री झाल्या आणि नव्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ही योजना थांबवली. शाळा सुरू होऊनही मुलांच्या हाती पुस्तके नव्हती. अखेर ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना दहा दिवसांत लागू करण्याचा आदेश दिला, तेव्हा छापून तयार असलेल्या पुस्तकांतील मावळते मुख्यमंत्री करुणानिधी आणि त्यांच्या राजवटीशी संबंधित मजकुरावर कागद चिकटवून किंवा शाई फिरवून ती वाटण्यात आली. या मजकुरातील बराच भाग खरोखरच पाठ्यपुस्तकात येण्याच्या योग्यतेचा नव्हता, हे मान्य करावे लागते. सत्तेवरील मुख्यमंत्र्याची रचना मुलांना अभ्यासाला लावणे हे कोणत्याही पक्षाने केले तरी अनुचितच. पण या प्रकरणाने शिक्षकांना एक धडा दिला आणि तो पुढच्या प्रत्येक वादात उपयोगी पडला : नको असलेल्या मजकुराबाबत करण्यासारखी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे तो झाकणे.

दुसरे प्रकरण २०१२ चे असून त्याचे धागे पुणे आणि चेन्नई या दोन्ही शहरांना जोडतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र होते, ज्यात संविधाननिर्मितीच्या संथ गतीवर टीका करताना गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि चाबूक घेतलेले पंडित नेहरू दाखवले होते. चिदंबरमचे खासदार तोल तिरुमावळवन यांनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केला आणि ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ होऊन सरकारने व्यंगचित्र मागे घेत असल्याचे जाहीर केले. पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. महिनाभरातच तमिळनाडूतील पक्षांनी याच पुस्तकमालेतील आणखी एका व्यंगचित्राकडे लक्ष वेधले. बारावीच्या पुस्तकातील ते चित्र आर. के. लक्ष्मण यांचे होते आणि १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनातील विद्यार्थ्यांना इंग्रजीही वाचता येत नाही, असे त्यातून सूचित होत होते. करुणानिधी, वैको आणि रामदास या एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या नेत्यांनी ते काढून टाकण्याची एकमुखी मागणी केली.

ही मागणी समजून घ्यायची तर १९६५ या सालाचे तमिळनाडूतील स्थान ध्यानात घेतले पाहिजे. संविधानाने ठरवलेली पंधरा वर्षांची मुदत संपून २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची एकमेव राजभाषा होणार, या शक्यतेविरुद्ध मद्रास राज्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी रस्त्यावर उतरले. काहींनी आत्मदहन केले, अनेक ठिकाणी गोळीबार झाला आणि सरकारी अंदाजानुसारही सुमारे ७० माणसे मेली. दोनच वर्षांनी, १९६७ च्या निवडणुकीत, काँग्रेसची राज्यातील सत्ता गेली ती आजतागायत परत आलेली नाही. या आंदोलनाची मुळे १९३८ पर्यंत मागे जातात, जेव्हा राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने १२५ माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली आणि त्याविरुद्धच्या चळवळीत अटक झालेले नटराजन व तालमुत्तु हे दोन तरुण १९३९ मध्ये कोठडीत असताना मरण पावले. चेन्नईच्या एग्मोर भागात या दोघांच्या नावाची बहुमजली सरकारी इमारत आहे. ज्या मुलाच्या आजोबांनी १९६५ मध्ये लाठ्या खाल्ल्या, त्या मुलाला एका थट्टेच्या चित्रातून तो प्रसंग प्रथम भेटावा, याबद्दलची नाराजी केवळ राजकीय स्टंट म्हणून उडवून लावता येत नाही.

तरीही या वादातील सर्वांत विचार करायला लावणारे मत तमिळ अभ्यासकाकडूनच आले. सरकारने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली, परंतु समितीचे सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी अहवालाला असहमतीची टिपणी जोडली. पांडियन हे चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत दीर्घकाळ काम केलेले, ब्राह्मणेतर राजकारणाचे मान्यवर इतिहासकार होते; द्रविड चळवळीविषयीची त्यांची आस्था सर्वश्रुत होती. चळवळीविषयी आस्था असणे आणि चळवळीवरील टीका विद्यार्थ्यांपुढे राहू देणे यांत विरोध नाही, हे त्यांच्या भूमिकेतून दिसले. त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांना मद्रासच्या विद्यार्थ्यांचा राग कसा दिसत होता, याचा लक्ष्मण यांचे चित्र हा एक पुरावाच आहे. पुस्तकातील उणीव एवढीच होती की, त्या पुराव्याशेजारी दुसरा पुरावा, म्हणजे आंदोलकांचे एखादे पत्रक किंवा तमिळ नियतकालिकातील त्याच आठवड्याचा मजकूर, ठेवलेला नव्हता.

तिसरे प्रकरण सर्वांत खोल आहे. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात वेशभूषेच्या सामाजिक इतिहासावर एक प्रकरण होते आणि त्यात त्रावणकोर संस्थानातील शाणार स्त्रियांच्या संघर्षाची हकीकत होती. दक्षिण त्रावणकोरमध्ये, म्हणजे आजच्या कन्याकुमारी जिल्ह्याच्या परिसरात, शाणार स्त्रियांनी उच्चजातीयांसमोर शरीराचा वरचा भाग झाकू नये, असा दंडक होता. ख्रिस्ती झालेल्या शाणार स्त्रियांनी शिवलेली चोळी आणि खांद्यावरून वस्त्र घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १८२२ मध्ये भर बाजारात त्यांच्यावर हल्ले झाले आणि अंगावरची वस्त्रे फाडण्यात आली. संघर्ष पुढे चालूच राहिला. अखेर १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या दबावाखाली त्रावणकोर दरबाराने शाणार स्त्रियांना, त्या ख्रिस्ती असोत वा हिंदू, अंग झाकण्याची मुभा दिली. मात्र उच्चजातीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये, ही अट कायम ठेवली. तमिळमध्ये या लढ्याला ‘तोळ् सीलै पोराट्टम’, म्हणजे खांद्यावरील वस्त्रासाठीचा लढा, म्हणतात.

हा समाज आज नाडार या नावाने ओळखला जातो. व्यापार, शिक्षण आणि संघटना यांच्या बळावर त्याने शंभर वर्षांत घेतलेली झेप दक्षिण भारताच्या सामाजिक इतिहासातील एक थक्क करणारी गोष्ट आहे. नाडार महाजन संगम १९१० मध्ये स्थापन झाला, शाणार हे नाव सरकारी दप्तरातून निघून नाडार हे नाव रूढ झाले आणि १९५४ मध्ये या समाजातील के. कामराज मद्रासचे मुख्यमंत्री झाले. पुस्तकातील परिच्छेदात मात्र शाणार हे नायर जमीनदारांच्या हाताखाली काम करण्यासाठी त्रावणकोरात स्थलांतरित झालेले ताडी काढणारे लोक, असे वर्णन होते आणि आक्षेप मुख्यतः याच वर्णनाला होता. समाजाच्या संघटनांनी व राज्यातील प्रमुख पक्षांनी २०१२ मध्ये हा भाग वगळण्याची मागणी केली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये सीबीएसईने परिपत्रक काढून जातिसंघर्ष आणि वस्त्रबदल हा भाग अभ्यासक्रमातून काढला व त्यावर परीक्षेत प्रश्न विचारले जाणार नाहीत, असे कळवले. २०१९ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली संपूर्ण प्रकरणच पुस्तकातून गेले.

आक्षेप एका वाक्याला होता आणि गेले संपूर्ण प्रकरण, ही येथे नोंदवण्याची गोष्ट आहे. स्थलांतराविषयीचे विधान ऐतिहासिकदृष्ट्या वादग्रस्त असेल तर ते सुधारता आले असते, किंवा त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत असे त्याच पानावर सांगता आले असते. वगळण्यामुळे अपमानकारक वाटणारे वर्णन गेले, पण त्याबरोबर त्या समाजातील स्त्रियांनी मार खाऊनही न सोडलेला हट्ट देशभरच्या मुलांच्या नजरेआड झाला. याच लढ्याला दोनशे वर्षे झाल्याबद्दल मार्च २०२३ मध्ये नागरकोविल येथे मोठा समारंभ झाला आणि त्याला तमिळनाडूचे मुख्यमंत्री मु. क. स्टालिन व केरळचे मुख्यमंत्री पिनरायी विजयन उपस्थित होते. ज्या घटनेचा जाहीर सभेत गौरव होतो, तिला केंद्रीय मंडळाच्या नववीच्या वर्गात जागा उरली नाही.

राज्य मंडळाच्या पुस्तकाने हाच प्रदेश आणि हाच काळ वेगळ्या वाटेने मुलांपुढे आणला आहे. दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात सामाजिक व धार्मिक सुधारणांच्या धड्यात अय्या वैकुंडर यांचे चरित्र येते. वैकुंडर (१८०९–१८५१) यांनी दक्षिण त्रावणकोरमध्ये जातिबंधनांविरुद्ध आणि राजसत्तेच्या जाचाविरुद्ध एक पंथ उभा केला. येथे समाज पीडित म्हणून नव्हे, तर कर्ता म्हणून समोर येतो आणि त्यामुळे अन्यायाचे वर्णन करूनही कोणाला मान खाली घालावी लागत नाही. अध्यापनाच्या दृष्टीने ही रीत अधिक शहाणपणाची आहे. तिची मर्यादाही आहे : सुधारक पुढे आला की अन्याय करणारे मागे, धूसर होत जातात आणि दंडक कोणी घातला होता, त्याचा लाभ कोणाला होता, हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

राज्य मंडळाच्या पुस्तकांची खरी परीक्षा द्रविड चळवळीपाशी होते. ‘तमिळनाडूतील सामाजिक परिवर्तन’ या विषयाला दहावीत स्वतंत्र धडा आहे आणि जस्टिस पार्टी, पेरियार, स्वाभिमान चळवळ यांची माहिती मुलांना मिळते, जी एनसीईआरटीच्या पुस्तकांत फार तोकडी असते. पण ज्या चळवळीचे वारस १९६७ पासून राज्य करीत आहेत, तिच्याविषयी सरकारी पुस्तक किती मोकळेपणाने बोलू शकेल, ही शंका राहतेच. २५ डिसेंबर १९६८ रोजी त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीवाढ मागणाऱ्या ४४ दलित शेतमजुरांना, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले, झोपडीत कोंडून जाळण्यात आले. तेव्हा अण्णादुराई मुख्यमंत्री होते आणि पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. हा प्रसंग ब्राह्मणेतर चळवळीच्या विजयकथेत सहजी बसत नाही. ज्या पुस्तकात पेरियार आणि कीळवेण्मणी शेजारीशेजारी, दोघांनाही न्याय देऊन येतील, ते पुस्तक प्रौढ झाले असे म्हणता येईल.

मराठी वाचकाने या वादांकडे परक्याची भांडणे म्हणून पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील चौथीचे शिवचरित्र घरातल्या श्रद्धेशी इतके एकजीव झालेले आहे की, त्यातील दादोजी कोंडदेवांसारख्या एका व्यक्तीच्या स्थानावरून वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातील त्यांचा पुतळा हलवण्यात आला. मराठी मुलाला अठराव्या शतकातील मराठ्यांचा विस्तार अभिमानाने शिकवला जातो. बंगालमध्ये मात्र नागपूरकर भोसल्यांच्या १७४० च्या दशकातील स्वाऱ्यांची आठवण ‘बर्गी’ या धास्तीच्या शब्दातून अंगाईगीतांत शिल्लक आहे. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकातील नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवल्यावर तेथील माजी राजघराण्याने आक्षेप घेतला आणि एनसीईआरटीला समिती नेमावी लागली. चेन्नईत वाढणाऱ्या तंजावरी मराठी कुटुंबातील मुलाची स्थिती आणखी निराळी आहे, कारण राज्य मंडळाच्या पुस्तकात मराठे त्याला सरफोजी आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्या रूपाने, विद्येचे आश्रयदाते म्हणून भेटतात. एकाच सत्तेची ही तीन रूपे खोटी नाहीत, पण तिन्ही एका वर्गात कधीच एकत्र येत नाहीत.

याचे मोठे कारण परीक्षेत आहे आणि पाठ्यपुस्तकांवरील वादांत त्याकडे फारसे लक्ष जात नाही. दहावीच्या सार्वजनिक परीक्षेची तयारी धड्याखालच्या प्रश्नांवर आणि गाइडांवर चालते, जशी महाराष्ट्रात ‘अपेक्षित’वर चालते. ज्या विषयावर दोन बाजू आहेत त्यावर एका गुणाचा, चार पर्यायांचा प्रश्न काढला की विद्यार्थ्याच्या हाती निवाडा देण्याऐवजी निकाल दिला जातो. सेलमच्या पेरियार विद्यापीठात जुलै २०२२ मध्ये एम. ए. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत तमिळनाडूतील कनिष्ठ जात कोणती, असा प्रश्न चार जातींची नावे देऊन विचारला गेला आणि संताप उसळला. प्रश्न काढणाऱ्याचा हेतू काहीही असो, जातिव्यवस्थेसारखा विषय बहुपर्यायी साच्यात घातला की तो अपमानातच परिणत होतो.

जर्मनीत राजकीय शिक्षणासंबंधी १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून तीन तत्त्वे मान्य झाली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. विद्वानांत आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची स्थिती व हितसंबंध ओळखून विचार करता यावा. यातील दुसरे तत्त्व भारतात लगेच पटते, पण त्याचा अतिरेकही होतो. हिंदीविरोधी आंदोलन योग्य होते का, यावर दोन बाजू असू शकतात. स्त्रियांची वस्त्रे फाडणे योग्य होते का, यावर दोन बाजू नाहीत. तेथे वाद हवा तो कारणांविषयी, पुराव्यांविषयी आणि नंतरच्या काळातील स्मरणाविषयी. जातीय हिंसेच्या बाबतीत ‘दोन्ही बाजू ऐकूया’ म्हणणारा शिक्षक तटस्थ नसतो.

वर्गातील परिस्थितीही अशा अध्यापनाला अनुकूल नाही. तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्यावर शाळासोबत्यांनीच कोयत्याने हल्ला केल्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. मनगटावरील जातिनिदर्शक रंगीत दोऱ्यांवर बंदी, शाळांच्या नावांतून जातिनामे काढणे, अशा शिफारशींवरच बाहेर अधिक चर्चा झाली. परंतु दोरा काढून घेतल्याने जातीचा इतिहास समजत नाही. तो शिकवायचा तर शिक्षकाला प्रशिक्षण हवे, तासिका हव्यात आणि वर्गात आवाज चढला तर मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतील, ही खात्री हवी. चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ पासून सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या कृतियुक्त अध्ययनाच्या प्रयोगाने प्राथमिक वर्गांची रचना बदलून दाखवली होती. नववी-दहावीच्या इतिहासापर्यंत तो बदल पोहोचला नाही.

साधनांची मात्र चेन्नईत टंचाई नाही. एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात मद्रास सरकारची दप्तरे आहेत आणि तरमणीच्या रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालयात विसाव्या शतकातील तमिळ नियतकालिके व पुस्तके जतन केलेली आहेत. १९३८ ची हिंदी सक्ती शिकवताना त्यागरायनगरमधील दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा आणि एग्मोरची तालमुत्तु-नटराजन इमारत ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात विद्यार्थ्यांना दाखवता येतात. पहिली संस्था गांधीजींच्या प्रेरणेने १९१८ मध्ये उभी राहिली आणि दुसरी वास्तू सक्तीविरुद्ध मेलेल्यांचे नाव धारण करते. दोन्ही पाहून आलेल्या वर्गाला, हिंदी स्वेच्छेने शिकणारे हजारो तमिळ लोक आणि सक्तीविरुद्ध तुरुंगात जाणारे तमिळ लोक एकाच शहरात कसे होते, हा प्रश्न दिला तर त्याला गाइडात उत्तर सापडणार नाही.

असा प्रश्न परीक्षेत आला तरच तो वर्गात विचारला जाईल, हे शिक्षक जाणतात. म्हणून पुढील वादात कोणते वाक्य काढायचे, यावर शक्ती खर्च करण्यापूर्वी दहावीच्या प्रश्नपत्रिकेत दोन परस्परविरोधी उतारे देऊन त्यांची तुलना करायला लावणारा एक तरी सक्तीचा प्रश्न ठेवावा, ही मागणी चेन्नईतील पालकांनी आणि शिक्षकसंघटनांनी लावून धरायला हवी. अभ्यासक्रम ठरवणारी राज्य शैक्षणिक परिषद, पुस्तके छापणारे महामंडळ आणि परीक्षा घेणारे संचालनालय ही तिन्ही कार्यालये नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडवरील एकाच आवारात आहेत.